क्रूझ अडल्यास कसे वागावे (साडू सोबत असतील तर)

आमच्या क्रूझच्या माहितीपुस्तकात जेवणाच्या सगळ्या दालनांचे फोटो होते, तरणतलावाचे होते, एवढंच काय, टॉवेलाची घडी घालून केलेल्या हत्तीचाही होता. बोटीच्या बुडाचा एकही फोटो नव्हता. आणि शेवटी अडलं ते तिथेच. ज्यांना पुढेमागे जहाजाने न्यूझीलंडकडे जायचं आहे, त्यांच्या कल्याणासाठी मी हे मार्गदर्शन लिहीत आहे. ज्यांचे साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यांनी ते दोनदा वाचावं.

नियम पहिला. कार्यक्रमपत्रिका लॅमिनेट करू नये.

आमच्या साडूंनी केली होती. सिडनी ते ऑकलंड, बारा दिवस, प्रत्येक बंदरासमोर पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि ‘शेरा’ असा रकाना. चार प्रती काढल्या होत्या: एक त्यांना, एक त्यांच्या पत्नीला, म्हणजे ताईंना, एक आम्हा दोघांत, आणि चौथी ‘कार्यालयीन प्रत’. कार्यालय कुठलं, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. तेहतीस वर्षं त्यांनी कालव्याला पाणी सोडण्याचे दिवस ठरवले. ठरल्या दिवशी पाणी सुटतं आणि ठरल्या गावाला पोहोचतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. (गावांची श्रद्धा वेगळी असू शकेल.) चौथ्या दिवसासमोर लिहिलं होतं: ‘मिलफर्ड साउंड, सकाळी ८ वाजता. शेरा: दुर्बीण.’

तिसऱ्या रात्री दाराखालून अर्ध्या पानाची चिठ्ठी आत सरकली. जैवसुरक्षेच्या कारणास्तव जहाज फ्योर्डलँडच्या खाड्यांमध्ये (मिलफर्ड त्यांतलीच एक) जाणार नाही, चौथा दिवस समुद्रात काढला जाईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पाचच मिनिटांत साडू आमच्या दारात हजर. अंगात नाइट ड्रेस, हातात कार्यालयीन प्रत.

“जैवसुरक्षा म्हणजे? कोणाची? आपल्यापासून त्यांची, की त्यांच्यापासून आपली?”

प्रश्न उपहासाने विचारलेला होता, पण त्याचं खरं उत्तर ‘आपल्यापासून त्यांची’ असंच आहे.

नियम दुसरा. बुडाची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी. जहाज सुक्या गोदीत शेवटचं कधी चढलं, तळ शेवटचा कधी घासला, अलीकडे ते बराच काळ एका जागी उभं होतं का, आणि उष्ण प्रदेशातल्या बंदरांतून येतंय का, हे विचारावं. तिकीट विकणाऱ्या मुलीला यातलं काही ठाऊक नसतं, ती स्पाबद्दल सांगू लागते. तरी विचारावं.

कारण असं आहे की पाण्यात काहीही ठेवा, त्याच्यावर कोणीतरी राहायला येतंच. आधी बुळबुळीत थर. तो तर काही तासांत धरतो. गच्चीवरच्या टाकीत हात घालून पाहिलेल्यांना माहीत आहे. मग शेवाळ, मग नळीत राहणारे किडे, शिंपले आणि बार्नॅकल. कोकणात खडकावर पाय ठेवला की ज्याने तळवा फाटतो, त्या पांढऱ्या कवचाच्या बारक्या सुळक्यांना बार्नॅकल म्हणतात. याचं पोर पाण्यात हिंडतं, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने तिथे चिकटतं, भोवती चुन्याचं घर बांधतं आणि उरलेलं आयुष्य उलटं पडून, पायांनी अन्न तोंडाकडे लोटत काढतं. चार्ल्स डार्विनने या प्राण्यावर आठ वर्षं घालवली. असं सांगतात की त्याच्या मुलांपैकी एकाने शेजारच्या घरात विचारलं होतं, तुमचे बाबा त्यांचे बार्नॅकल कुठे करतात? मला डार्विनबद्दल आदर आहे, पण आठ वर्षं लागायला नको होती. एका जागी चिकटून राहायचं आणि अन्न आपल्याकडे ओढायचं, हे वर्तन नवव्या डेकवरच्या बुफेत अर्ध्या तासात अभ्यासता येतं. त्या अभ्यासात मी पहिला नमुना असेन.

नियम तिसरा. गोगलगायीला शिव्या देऊ नयेत.

हा नियम साडूंनी चिठ्ठी आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्यापूर्वीच मोडला. कोणीतरी कोणाला सांगितलं होतं की तळाला गोगलगायी सापडल्या. खरंखोटं कप्तान जाणे. पण साडूंना खलनायक मिळाला. “अहो, एवढी मोठी बोट, आणि ती वळवली कोणी? गोगलगायीने!” पुढे ते थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, “उगाच नाही म्हणत, गोगलगाय नि पोटात पाय.”

इथे मार्गदर्शकाने गंभीर होणं भाग आहे. ऑस्ट्रेलियात डार्विन नावाचं शहर आहे, त्या बार्नॅकलवाल्याच्याच नावाचं. १९९९ साली तिथल्या नौकाविहाराच्या बंदिस्त गोद्यांत काळ्या पट्ट्यांचा एक बारका शिंपला सापडला. काही महिन्यांपूर्वी तो तिथे नव्हता. सापडला तेव्हा काही ठिकाणी एका चौरस मीटरात वीस हजारांवर होता. सुदैवाने तिथे भरती-ओहोटीत फार मोठा फरक असल्यामुळे गोद्यांना दरवाजे होते. ते दरवाजे बंद केले, आतल्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतला, शिंपला मेला, आणि त्याच्यासोबत आतलं बाकी सगळंही मेलं. एवढी किंमत मोजून तो हटला. हाच शिंपला मूळचा मध्य अमेरिकेच्या बाजूचा. तो १९६७ साली आपल्या विशाखापट्टणमच्या बंदरात नोंदला गेला होता, नंतर मुंबईच्या बंदरातही. आपण दरवाजे बंद केले नाहीत. आपल्याकडे तो स्थायिक झाला, रेशनकार्ड तेवढं राहिलंय.

हे मी साडूंना सांगितलं. दरवाजांचा विषय निघाल्यावर ते प्रथमच नीट ऐकू लागले. “गेट उभी होती की आडवी?” एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

नियम चौथा. ‘मग इथेच घासून काढा ना’ असं म्हणू नये. प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणालो. बंदरात तळ खरवडला की खरवडलेली मंडळी तिथेच खाली पडतात, त्यातली काही जगतात आणि पिल्लंही सोडतात. म्हणजे चोराला पकडून आपल्याच घरात सोडल्यासारखं. म्हणून पाणबुडे लावायचे तर ते बाहेर खुल्या समुद्रात. शिवाय सपाट तळ घासणं सोपं असतं. खरी वस्ती असते ती इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांमागच्या कोनाड्यांत, सुकाणूच्या सांध्यात, बोट आडवी सरकवणाऱ्या पंख्यांच्या बोगद्यांत. बाथरूमची फरशी चकचकीत असते आणि मोरीच्या तोंडाशी मात्र बघवत नाही, तसंच. पूर्वी जहाजांच्या तळाला कथिलाचं असं विषारी संयुग असलेला रंग द्यायचे की कोणी चिकटायची हिंमत करत नसे. पण त्याने चिकटणारे आणि न चिकटणारे, सगळेच मरू लागले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने तो बंद झाला. आता मुख्यतः तांब्याचा रंग लावतात, आणि तो चालत्या बोटीला जितका उपयोगी तितका उभ्या बोटीला नाही.

न्यूझीलंडने मे २०१८ पासून नियमच केला की तळ स्वच्छ ठेवून यायचं. देशभर असा नियम करणारा तो जगातला पहिला देश. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या जहाजाला बुळबुळीचा थर माफ आहे. लांब लवचिक मानेचे खुल्या समुद्रातले बार्नॅकलही माफ, कारण ते किनाऱ्यावर टिकत नाहीत. बाकीच्या बहुतेकांनी जहाजावरून उतरायचं. ऑस्ट्रेलियाने २०२२ च्या जूनपासून तळ कसा स्वच्छ ठेवला याचे कागद मागायला सुरुवात केली. कागद मागतात म्हटल्यावर साडूंचं त्या देशाबद्दलचं मत थोडं सुधारलं.

नियम पाचवा. आपल्याहून दुःखी प्रवासी शोधून ठेवावेत. हे फार उपयोगी पडतं. २०२२ च्या डिसेंबरात ‘वायकिंग ओरायन’ नावाच्या जहाजाला याच कारणाने क्राइस्टचर्च, ड्युनेडिन आणि होबार्ट ही तिन्ही बंदरं सोडावी लागली. अॅडलेडच्या बाहेर समुद्रात उभं राहून पाणबुड्यांकडून तळ घासून घ्यावा लागला. लोकांचं नवीन वर्ष पाण्यावर लागलं. आमचा एकच दिवस गेला होता. मी हे साडूंना सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला, मग लगेच त्यांनी विचारलं, “त्यांना पैसे परत मिळाले का?”

नियम सहावा, पैशांचा. तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की कप्तान मार्ग बदलू शकतो. ते वाचावं, आणि वाचल्यावर भांडू नये. न झालेल्या बंदराचा कर मात्र सहसा परत मिळतो, बोटीवर खर्च करायच्या रकमेच्या रूपात. म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात, आणि उजवा खिसा त्यांचाच. बंदरावरची सहल बोटीमार्फत घेतली असेल तर पैसे परत येतात. बाहेरच्याकडून स्वस्तात घेतली असेल तर प्रश्न. आम्ही बाहेरच्याकडून घेतली होती. याविषयी अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

नियम सातवा. बोटीवरचं सफरचंद पर्समध्ये टाकून न्यूझीलंडच्या बंदरावर उतरू नये. ४०० डॉलर दंड.

नियम आठवा. स्वतःचं बूड तपासावं.

हा माझ्या मनात नव्हता. आमच्या हिच्या मनात होता. बुफेत साडूंनी गोगलगायीचा चौथ्यांदा उद्धार केला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “भावोजी, सिडनीच्या विमानतळावर तुमचे बूट कोणाच्या हातात होते हो?”

झालं होतं असं. साडू दर रविवारी सिंहगड चढतात. त्याच बुटांनी विमानात बसले. सिडनीत उतरल्यावर अधिकाऱ्याने बूट काढायला लावले, उलटे केले, आणि खाचांतली सिंहगडची माती एका सळईने उकरून काढली. मग आत नेऊन धुऊन, पुसून, परत आणून दिले. पायजम्याच्या बॅगेत मेतकूट, भाजणी, लिंबाचं गोड लोणचं, सगळं अर्जावर जाहीर केलं होतं म्हणून सुटलं. ताईंनी भाजणीची पिशवी उघडून त्याला हुंगायला दिली, तेव्हाचा त्या अधिकाऱ्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तेव्हा साडू कौतुकाने म्हणाले होते, “याला म्हणतात यंत्रणा.”

तर यंत्रणा तीच. फक्त या वेळी बूट जरा मोठा होता.

फ्योर्डलँडला एवढं जपायचं कारणही सांगून टाकतो. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीसारखा. ते पाणी जंगलातून चहासारखं तपकिरी होऊन येतं आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून तरंगतं. त्या थरामुळे खाली अंधार होतो, म्हणून एरवी फार खोलवर वाढणारं काळं पोवळं तिथे पाणबुड्याला सहज दिसेल इतक्या वर वाढतं. अशा जागी परका घुसला की निस्तरणं कठीण. उंडारिया नावाचं आशियाई समुद्रशेवाळ १९८७ साली वेलिंग्टनच्या बंदरात सापडलं. २०१० साली ते फ्योर्डलँडच्या ब्रेकसी साउंडमध्ये पोहोचलं, आणि पाणबुडे वर्षानुवर्षं ते हाताने उपटत राहिले. जपानी लोक याच शेवाळाला वाकामे म्हणतात. बोटीवर एका रात्री आमच्या जेवणात वाकामेचं सॅलड होतं. वर वाटीत चालतं, खाली बुडाला चालत नाही. साडूंनी दोन वाट्या खाल्ल्या. म्हणाले, तेवढंच कमी.

नियम नववा लिहिताना हात थोडा अडतो.

चौथ्या दिवशी सकाळी आठला मी चहा घ्यायला वर गेलो. साडू कठड्याशी उभे होते. जॅकेट, कानटोपी, धुतलेले बूट, गळ्यात दुर्बीण. समोर फक्त धुकं आणि करडं पाणी. किनारा कुठे तरी तिकडे होता. ताईंनी आदल्या रात्री मला सांगितलं होतं की त्यांच्या कार्यालयात एकदा एका पंप कंपनीचं कॅलेंडर होतं, ऑगस्टच्या पानावर मिलफर्डचा डोंगर. वर्ष संपेपर्यंत ते पान यांनी फाडलं नाही, सरकारी भिंतीवरचं होतं म्हणून. एक जानेवारीला फाडून घरी आणलं. कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटलेलं आहे.

मी दुसरा कप आणून त्यांच्या हातात दिला.

“या बाजूला असेल,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “उद्या ड्युनेडिन. सकाळी सातला. बघू, पाळतायत का.”

नियम नववा असा: अशा वेळी सोबत उभं राहावं आणि आंबोलीचं नाव काढू नये. मी काढलं.

परत आल्यावर पावसाळ्यात आम्ही हर्णैला गेलो. जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. एका होडीचं बूड खरवडायचं राहिलं होतं आणि कडेने पांढरी कवचं दाट बसली होती. साडू छत्री घेऊन तिच्याभोवती दोनदा फिरले. मग मालकाला म्हणाले, “ही न्यूझीलंडला चालणार नाही.”

मालकाने तंबाखूची गोळी गालात सरकवली. “नाय जायची, काका,” तो म्हणाला. “दाभोळला जाते.”