सही कुठे करायची?

ब्रिटिश खासदारांनी मरणावर मतदान केलं. 20 जून 2025 रोजी कॉमन्स सभागृहाने 314 विरुद्ध 291 मतांनी ठरवलं, की सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नाही अशा रुग्णाला हवं तर डॉक्टरांच्या मदतीने मरता यावं. मग विधेयक लॉर्डांकडे गेलं. तिथे हजाराहून जास्त दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि विधेयकच अत्यवस्थ झालं.

हे वाचून आपल्याकडचा सुशिक्षित माणूस सुस्कारा टाकतो, ‘आपल्याकडे कधी येणार हो असं?’

आपल्याकडे इंजेक्शन देऊन मारणं गुन्हा, व्हेंटिलेटर काढणं कायदेशीर. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग 1973 पासून खाटेवर होत्या. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्याच खटल्यात हे तत्त्व मान्य केलं, पण त्यांना लागू केलं नाही. केईएमच्या परिचारिकांना त्यांना सांभाळायचं होतं, आणि त्यापुढे कोर्टाने मान तुकवली. 2015 मध्ये अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या.

2018 मध्ये कोर्टाने ‘लिव्हिंग विल’ दिलं. शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, की मला नळ्या लावून जगवू नका. सोबत अटीही दिल्या: दोन साक्षीदार, मॅजिस्ट्रेटची सही, रुग्णालयाचं मंडळ, कलेक्टरचं मंडळ आणि शेवटी मॅजिस्ट्रेटने स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी यायचं. एवढ्या वेळात रुग्ण बहुधा स्वतःच निकाल लावून मोकळा! पाच वर्षांनी कोर्टाच्याही ते लक्षात आलं. आता नोटरी चालतो, मंडळांनी 48 तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे आणि मॅजिस्ट्रेटला नुसतं कळवायचं. कागद जपायला स्थानिक स्वराज्य संस्थेने अधिकारी नेमायचा होता. तो नेमला जावा म्हणून मुंबईत एका डॉक्टरला हायकोर्टात जावं लागलं.

पण हा सगळा खटाटोप बिल भरू शकणाऱ्यांचा. बाकीच्यांसाठी जुनी सोय आहे, तिला रुग्णालयात ‘डामा’ म्हणतात: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेत आहोत. आयसीयूचं बिल रोज वाढतं, आधी दागिने जातात, मग शेत गहाण पडतं, मग थोरला मुलगा हा फॉर्म मागतो. व्हेंटिलेटर इथेही निघतोच. ना दोन मंडळं, ना साक्षीदार, ना पेशंटला विचारणं. सन्मानाने वगैरे नाही, ॲम्ब्युलन्सने. तीही डिपॉझिट वळतं केल्यावर.

2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबतचा मसुदा काढला आणि लोकांकडून सूचना मागवल्या. डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं पडलं, की याने डॉक्टरांवर ताण येईल. ताण आहे, खरंच आहे. मरणाचा निर्णय लिहून द्यायचा म्हणजे उद्या पोलीस दारात. डामाच्या फॉर्मवर मात्र सही नातेवाइकाची असते, त्यामुळे तो मसुद्याआधीही चालू होता आणि आजही, रात्री अकरानंतर, बिलाच्या खिडकीवर मिळतो.