माग सोडला, फाइल धरली

वैनगंगेकाठच्या पवनीत विणकराच्या मागावर एक धागा तुटला तरी कापडात दिसतो. गृहकर्जाच्या एजंटगिरीत तसली कटकट नाही. मग माग सोडून फाइल काखोटीला मारणाऱ्याला दोष कशाला? भांडवल म्हणजे मोबाइल आणि गोड जीभ. दलाली बँक देते, तीही वाटलेल्या कर्जाच्या टक्केवारीत. त्यामुळे १० लाखांत भागणाऱ्याला ‘१५ घ्या ना भाऊ’ हा सल्ला अगदी मनापासून येतो. कोणी म्हणेल, सातबारा, नकाशा, विवरणपत्र यांमागची गिऱ्हाइकाची पायपीट तर वाचते! वाचते खरी. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा गिऱ्हाइकानेच घालायचा, आणि हप्तेही २० वर्षे त्यानेच फेडायचे. तोवर एजंट विम्याच्या धंद्यात गेलेला असतो. सहीआधी एवढे विचारा: भाऊ, यात तुमचे किती?