आधी नाकानं प्या

आमचे साडू फ्रँकफर्टला असतात. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेलेल्या पाहुण्याची वीझबाडेनच्या वाइन-सप्ताहातून सुटका नसते. मार्क्टकिर्खे या चर्चच्या आसपास ऱ्हाइनगाऊ या द्राक्षपट्ट्यातले बागाईतदार स्टॉल मांडून बसलेले असतात. पण साडू सगळ्यांना आधी नेतात कोखब्रुनेनवर. हा कढत झरा, पाणी ६६ अंशांचं. रोमनांनी इथे स्नानगृहं बांधली. हे पाणी काढल्यावर तीन दिवस गरम राहतं, असं रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय. "जीभ धुऊन घ्या," म्हणत साडू कप पुढे करतात. चव मिठाच्या पाण्यात खिळे उकळल्यासारखी. साडू मात्र डोळे मिटून म्हणतात, "खनिज आहे हं!"

मग स्टॉल. शंभर मिलीच्या पेल्याला साडूंना पाव तास लागतो. आपण ओठाला लावला की मनगट धरतात. "घाई नको. आधी नाकानं प्या." पेला फिरवायचा, हुंगायचा, उजेडात धरायचा, खिशातल्या वहीत टिपायचं. मुरलेल्या रीस्लिंगला, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाइनला, पेट्रोलचा वास येतो (खरंच येतो, आणि जाणकारांना तो आवडतो). तो सापडला की साडूंचा चेहरा उजळतो. "मग गॅरेजात बसा की हुंगत, फुकट आहे," ही मेव्हणीची टिप्पणी ते ऐकत नाहीत.

'श्पेटलेझे', म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन, दिसली की गोष्ट ठरलेली. योहानिसबर्गच्या मळ्यात फुल्डाच्या धर्माधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय द्राक्षं तोडता येत नसत. १७७५ साली परवाना आणणारा घोडेस्वार उशिरा पोचला, द्राक्षांवर बुरशी चढली, आणि त्यातूनच अफलातून वाइन निघाली. साडूंच्या कथेत हा स्वार दरवर्षी आणखी उशिरा पोचतो. यंदा तर दिवाळीच उजाडायची बाकी होती.

इतकं करून बाटली विकत घेतात एखादीच, तीही कुणाला तरी द्यायला. पेल्याची अनामत मात्र विसरत नाहीत.

गेल्या वर्षी सासरे आले होते. माळकरी माणूस. सगळ्यांना वाटलं, यंदा वाचलो. साडूंनी त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस आणला आणि तोही फिरवायला, हुंगायला लावला. सासऱ्यांनी निमूटपणे सगळं केलं. घोट तोंडात घोळवला, गिळला, उपरण्यानं मिशा पुसल्या.

"आमच्या पिंपळगावचा याहून बरा."

मेव्हणीनं कपाळाला हात लावला. साडूंनी वही उघडली.

"कुठल्या बागेतला, दादा? आणि माती काळी की मुरमाड?"