येताय का, असे विचारू नये

तुळशीचे लग्न लागले की कन्नड तालुक्यात पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. अद्रकाचा भाव पडला म्हणून कुणी पत्रिकेचा कागद हलका घेतला, असे पिशोरपासून नागदपर्यंत ऐकिवात नाही. पत्रिका उघडली की वर गणपती, त्याखाली कुलदैवत, मग 'कै.' लावलेले आजोबा-पणजोबा. मधोमध वधू-वर. त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही, या एका तांत्रिक अडचणीमुळे त्यांना ही जागा मिळते. उरलेला सगळा कागद प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक आणि 'आपले नम्र' यांचा. छापलेल्या या सगळ्या नावांत 'कै.' असलेले तेवढे नक्की येणार नाहीत, हे यजमानाला ठाऊक असते. बाकी कुणाचेच नक्की नसते.

नावाखाली पद लागते. माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, प्रगतीशील शेतकरी. ज्याला यातले काहीच होता आले नाही तो 'भावी' असतो. कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून भावकीत जेवढी कागदपत्रे हलतात तेवढी वाटणीच्या दाव्यातही हलत नाहीत. छापखान्यातून प्रूफ येते, ते आधी थोरल्या चुलत्याकडे जाते. चुलते चष्मा लावून फक्त स्वतःची ओळ वाचतात आणि 'ठीक आहे' म्हणतात. वाराची चूक लग्नाच्या आठवडाभर आधी सापडते. मग मुलांकडून पेनाने 'रवि' खोडून 'सोम' करून घेतात.

अशा या प्रांतात परवा एका वधूच्या भावाने क्रांती करायचे ठरवले. मुलगा हिंजवडीला नोकरीला. त्याने गूगल फॉर्म तयार केला आणि गावातल्या, सोयऱ्यांतल्या, हतनूर-देवगाव रंगारीकडच्या सगळ्या मोबाइलांवर धाडला. प्रश्न सरळ होते. आपण येणार का? किती जण? हळदीला की फक्त लग्नाला? मुक्काम करणार का? वरण-बट्टी चालेल की बुंदी-पुरी? फॉर्वर्ड करताना व्हॉट्सअॅप एका वेळी पाचच ठिकाणी जाऊ देते, त्यामुळे दोन रात्री त्याचा अंगठाच वऱ्हाडात होता.

उत्तरे आली. पहिले विचारत होते, ई-केवायसी लागेल का. दुसऱ्याला शेवटची तारीख हवी होती. तिसऱ्याने फॉर्म घेऊन थेट महा ई-सेवा केंद्र गाठले आणि तिथल्या पोराकडून पन्नास रुपये देऊन भरून घेतला. पावती जपून ठेवली आहे. एका आजीबाईंनी फोन करून विचारले, "बाबा, हप्ता खात्यात पडंल ना?" यात त्यांचे काय चुकले? पीकविमा, ई-पीक पाहणी, लाडकी बहीण... इथल्या माणसाने आजवर फॉर्म भरला तो काहीतरी मिळावे म्हणून. जेवायला यायचा फॉर्म भरायचा आणि वर आहेरही आपणच द्यायचा, ही योजना कुणाच्याच डोक्यात शिरली नाही.

मोठ्या दाजींनी मात्र नीट वाचला. वाचला आणि रुसले. "किती जण येणार म्हणजे? आम्ही कधी मोजून जेवलो का तुमच्याकडं?" त्यांची समजूत काढायला वधुपिता स्वतः गेले. जाताना टॉवेल-टोपी घेऊन गेले.

दाजींच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. आपल्याकडे माणसे मोजायची पद्धत नव्हती असे नाही. ती पाहुण्याने सांगायची नव्हती, एवढेच. आवतन देणाराच संख्या ठरवून देत असे. एका माणसाचे आवतन असेल तर घरातला कर्ता जाई. सहकुटुंब म्हटले की नवरा-बायको-लेकरे. आणि 'चूलबंद' म्हटले की त्या दिवशी त्या घरात चूल पेटायचीच नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे मांडवात. हिशेब दारातच मिटे. आताच्या पत्रिकेत सगळ्यांनाच 'सहकुटुंब सहपरिवार' असते, म्हणून कुणालाच काही कळत नाही आणि कर्ता एकटाच मोटारसायकलवर येतो.

बरे, तोंडी विचारावे तर उत्तरांची भाषा वेगळी. 'येतो ना' म्हणजे येणार नाही. 'बघू' म्हणजे त्याच दिवशी दुसरे लग्न आहे आणि ते जवळचे आहे. 'पोराला धाडतो' म्हणजे पोरगा धाडला जाईल, तो मित्रांसह येईल आणि मित्र जास्त जेवतील. 'आमचं काय, घरचंच कार्य आहे' असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. त्याच्याबरोबर किती येतील हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. पूर्वी निदान तार होती. शुभेच्छांची छापील वाक्ये ठरलेली, प्रत्येकाला क्रमांक; पोस्टात क्रमांक सांगितला की आशीर्वाद रवाना. तार आली म्हणजे माणूस येत नाही, हे त्यात आपोआप आले. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली आणि न येण्याचा तो एकमेव सभ्य मार्गही गेला. आता अंगठा येतो. अंगठ्याचा अर्थ 'पत्रिका पाहिली' इतकाच, आणि तीही सगळी पाहिली असे नाही.

खरा अंदाज आचारी देतो. त्याला फॉर्म लागत नाही. तो आधी पंचांगातली तारीख विचारतो आणि म्हणतो, "दाट तीथ आहे, माणूस वाटला जाईल." यंदा तर 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, महिनाभर लग्ने नाहीत म्हटल्यावर सगळ्यांनी आधीच्या तिथींवर गर्दी केली. एकाच दुपारी एकाच घराला चार पत्रिका. बाप चापानेरला, आई चिंचोली लिंबाजीला, थोरला करंजखेडला, आणि धाकटा औट्रम घाट उतरून चाळीसगावला. खंडपीठाच्या आदेशाने 1 ऑगस्ट 2023 पासून या घाटात जड वाहनांना बंदी आहे. वऱ्हाडाच्या गाड्या त्यात बसत नाहीत; आतला मानपान कुणी वजनकाट्यावर घालत नाही म्हणून.

फॉर्म न भरता हमखास येतात ते पुढारी. त्यातही निवडणुकीतले इच्छुक. त्यांना पत्रिका नाही मिळाली तरी चालते, 'नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच निमंत्रण समजावे' ही ओळ त्यांनी आयुष्यभर पाळली आहे. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. पहिले भाषण त्याच सुमारास उभे राहते. नवरा फेटा सावरत बसतो, करवल्या घामाघूम, आणि माइकवरून वधू-वरांना आशीर्वाद देता देता पाणंद रस्त्याच्या निधीपर्यंत विषय जातो. एका इच्छुकाने परवा वधूचे नाव शेवटच्या क्षणी खिशातल्या पत्रिकेत पाहिले. पत्रिका दुसऱ्या लग्नाची होती.

संख्या पक्की ठरलेली लग्ने आपण एकदाच पाहिली. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाच्या निर्बंधांत सरकारने सांगितले : 25 माणसे, दोन तास, मोडल्यास 50 हजार दंड. त्या दोन तासांत कोण जेवले हे लोक विसरले. 25 मध्ये कोण होते हे अजून कुणी विसरलेले नाही. घराघरांत पहिल्यांदाच खरी यादी बाहेर पडली आणि आपण सव्विसावे आहोत, हे अनेकांना समजले. काही घरांत अजून बोलणे सुरू झालेले नाही.

फॉर्मवाल्या मुलाच्या वाट्याला आणखी एक अडचण आली. निम्म्या लोकांनी त्याची लिंक उघडलीच नाही. हिंगोलीत 2025 च्या ऑगस्टमध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार गेले. एवढा आहेर मराठवाड्यात सख्ख्या मामानेही कधी केला नसेल. तेव्हापासून आमच्याकडे अनोळखी नंबरवरून आलेली पत्रिका आधी पोरांना दाखवतात, आणि ओळखीच्या नंबरवरून आलेली तर उघडतच नाहीत. न जाण्याला इतके भक्कम कारण याआधी कधी मिळाले नव्हते.

पण आपल्याकडे निमंत्रणाला उत्तर मिळत नाही, हा त्या मुलाचा निष्कर्ष मला मान्य नाही. उत्तर मिळते, लेखी मिळते, फक्त लग्नाच्या दिवशी, मांडवाच्या दारातल्या टेबलावर. तिथे अक्षर बरे असलेला एक भाचा वही घेऊन बसतो : नाव, गाव, रुपये. हल्ली वहीशेजारी क्यूआर कोडही असतो, पण वही हटलेली नाही, कारण क्यूआरमध्ये गाव लिहिता येत नाही. कोण आला, कोणी पाकीट पाठवले, कोणाचे 501 आले आणि कोण 101 वर थांबला, सगळे तीत असते. ती वही कपाटात दागिन्यांखाली राहते. पंधरा वर्षांनी समोरच्याच्या घरी कार्य निघाले की ती काढायची, त्याचा आकडा पाहायचा आणि तेवढेच पाकीट घेऊन जायचे, किंवा 'बघू' म्हणायचे. गूगलला याहून चोख नोंद ठेवता आलेली नाही. शिवाय हिला रेंज लागत नाही.

त्या लग्नात आचाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने स्वयंपाक केला. फॉर्मवरचा आकडा त्याला दाखवला तेव्हा त्याने तो वाचून परत दिला आणि डाळ भिजत घातली. बट्टी पुरली, वरण थोडे उरले. दाजी आले. एकटेच आले, पण पंगतीत पहिले बसले.

तेव्हा पुढच्या दाट तिथीच्या पत्रिका ज्यांच्या घरी येऊन पडल्या आहेत त्या सर्व वाचकांना नम्र विनंती : येणार नसाल तर आचाऱ्याला तरी गुपचूप कळवा. यजमानाला सांगू नका. तो रुसेल, मग त्याची समजूत काढायला टॉवेल-टोपी घेऊन तुम्हालाच जावे लागेल.