महायुद्ध, बी विंग, नववा मजला

वाकडमध्ये ‘महायुद्ध’ म्हटलं की लोकांना सोसायटीची वार्षिक सभा आठवते. काकांना मात्र लगेच प्रश्न पडतो, पहिलं की दुसरं?

काका हा एक माणूस नाही, तो एक प्रकार आहे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात उभी हयात क्वालिटीत काढायची, रिटायर व्हायचं, मुलगा जर्मनीत आणि आपण नवव्या मजल्यावर. हातातला व्हर्नियर सुटत नाही आणि मोजायला जॉब उरलेला नसतो. यातले बरेच जण पुढे पाण्याच्या टँकरचे लिटर मोजून सेक्रेटरीचं आयुष्य कमी करतात. उरलेले एखाद्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातात आणि तिथून माणूस म्हणून परत येत नाहीत, संग्राहक म्हणून येतात.

काकांच्या हॉलमध्ये टीव्ही आहे, पण त्याच्यासमोर टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्यांची बक्कलं मांडलेली असल्यामुळे बातम्या ऐकाव्या लागतात. कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी ती उलटी करतात. बाण शोधायचा असतो. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचा छाप असे; हिंदुस्थान सरकारचा माल असेल तर बाणाखाली ‘आय’. बाण सापडला की काकांचा चेहरा उजळतो. नाही सापडला तर ते वस्तू परत देताना ‘हं’ म्हणतात. त्या एका ‘हं’मध्ये आजवर कित्येक घराण्यांचा इतिहास बुडाला आहे.

कारण लोक येतात ते दंतकथा घेऊन, आणि काका त्यांना देतात स्टोअरचं रजिस्टर. पाचव्या मजल्यावरचा हिंजवडीत जाणारा मुलगा जर्मन पाणबुडीतलं होकायंत्र घेऊन आला. पितळी, जड, झाकणावर लंडनच्या कंपनीचं नाव आणि राणीच्या काळातलं साल. काकांनी भिंग लावलं, आटे बघितले आणि म्हणाले, “बाळा, जर्मन पाणबुडीत लंडनचा माल? हे रुरकीचं आहे. गेल्या दिवाळीच्या आसपासचं.” दुसऱ्या एकाने आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या काडतुसाच्या बुडाचा फोटो दाखवला. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’, मधे बाण. “के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी. 1869 पासून चालू आहे. ब्रह्मदेशातून आलं असेल हो, पण गेलं होतं इथूनच, आपल्या शेजारून.” तो गृहस्थ ‘जपानी सैनिकाने झाडलेली गोळी’ अशी पाटी करून घेऊन बसला होता. वर काकांनी विचारलं, काडतूस रिकामं आहे ना? जिवंत असेल तर आधी पोलिसांना फोन करा.

पदकं हा काकांचा खरा प्रांत. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, व्यास 36 मिलिमीटर. नक्कल करणारा असली पदकावरून साचा घेतो, त्यात धातू ओततो, आणि धातू थंड होताना आकसतो. म्हणजे नक्कल केसभर लहान निघते. हे ज्ञान इंग्लंडमधल्या जाडजूड पुस्तकात आहे म्हणतात. काकांना ते भोसरीच्या फाउंड्रीतून आलं. व्हर्नियर लावतात, आकडा वाचतात आणि ‘रिजेक्ट’ म्हणतात, त्याच आवाजात, ज्या आवाजात पूर्वी व्हेंडर घाम पुसत असत. पास झालं तर मग कड. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे सगळं या पदकाच्या कडेवर ठोकलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेली युद्धपदकं कोरीच होती. हा विषय निघाला की काका असे हळहळतात, जणू नाव लिहायचा कंटाळा त्यांच्याच खात्याने केला.

आता काकूंविषयी. काकूंचं महायुद्धाशी वैर नाही. काडतुसांचा एक लोखंडी डबा आहे, झाकणाला आतून रबरी पट्टी. त्यात त्या उपवासाची भाजणी ठेवतात आणि पावसाळ्यातही ती सादळत नाही याचं श्रेय मोकळ्या मनाने दोस्तराष्ट्रांना देतात. पण खंडेनवमीला घोटाळा झाला. शस्त्रपूजन म्हणून काकूंनी हौसेने सगळा संग्रह खाली काढला, व्हिक्टरी मेडलला पितांबरी लावली, चिंचेच्या पाण्यातून काढलं, हेल्मेटवर झेंडू वाहिला. पंख पसरलेली ती विजयदेवता अशी झळकली की 1919 नंतर कधी झळकली नसेल. जुना काळपटपणा म्हणजे संग्राहकाचं मुद्दल! काका दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. काकूंचं म्हणणं एवढंच, की देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेने आजवर अशी तक्रार केलेली नाही.

मुलगा दरवर्षी जर्मनीला बोलावतो. काकांचं उत्तर कायद्यात बसतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या युद्धाची पदकं आता त्यात आली. पदकांशिवाय काका जात नाहीत. श्रीवर्धनला मात्र आनंदाने जातात, कारण ताम्हिणी उतरलं की माणगाव लागतं. सगळी दुनिया माणगावच्या ट्रॅफिकला शिव्या घालते. काका गाडीतून उतरून तहसील कचेरीकडे जातात. तिथे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944, इटली, व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. काका चप्पल काढून उभे राहतात. इथे मात्र मोजमाप नाही.

मागच्या वर्षी त्याच पाचव्या मजल्यावरच्या मुलाची आई स्वतः आली. पणजेसासऱ्यांचं पदक होतं. घरात पिढ्यानपिढ्या ‘सुभेदार’ म्हणत आलेले, नुकतंच मुलाच्या लग्नाच्या बैठकीतही ‘आमचं सुभेदारांचं घराणं’ असं सांगून झालेलं. 36 मिलिमीटर बरोबर भरले. पास. काकांनी कड फिरवत वाचलं आणि थांबले.

“वहिनी, पलटण 110 मराठा. हुद्दा भिश्ती.”

“म्हणजे पखालीतून पाणी घालणारे?” वहिनींचा आवाज खाली गेला. “भावजी, तुम्ही सुभेदारच राहू द्या ना. व्याह्यांना काय कळतंय?”

“ठोकलंय ते ठोकलंय. रिपोर्टमध्ये खाडाखोड होत नाही.”

पण मग काकांनी चहा मागवला आणि सांगत सुटले. ही पलटण मेसोपोटेमियात होती, कुटच्या वेढ्यात अडकली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली तेव्हा सुमारे 13,000 माणसं कैदेत गेली आणि त्यांत हजारो आचारी, भिश्ती, खेचरवाले होते. त्या उन्हाळ्यात पाणी घेऊन फिरणाऱ्या माणसाची वाट सुभेदारसुद्धा बघत असणार. “तुमचे पणजे वेढ्यात होते की नव्हते हे कड सांगत नाही, म्हणून मीही सांगणार नाही,” हे त्यांनी दोनदा बजावलं. वहिनींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, शेवटचं वाक्य सोडून.

साखरपुड्याला काका-काकू पहिल्या रांगेत होते. वरमाय व्याह्यांना सांगत होत्या, “आमचे पणजेसासरे इराकमध्ये पाणीपुरवठ्याचे चीफ इंजिनियर होते. कुटच्या वेढ्यात सगळ्या फौजेचं पाणी त्यांच्याकडे.” काका ताडकन उठायला गेले. काकूंनी त्यांचा सदरा मागून धरला, खाली बसवलं आणि ताटात आणखी दोन जिलब्या वाढायला सांगितल्या.