बिनपोस्टमनचं टपाली मतदान

टपाली मतदानात सगळं आहे, टपाल तेवढं नाही. सीमेवरच्या जवानाचं पाकीट अजून पोस्टानं येतं. पण निवडणुकीच्या ड्युटीवरचे कर्मचारी मतपत्रिका घरी नेऊन सावकाश पोस्टात टाकायचे, ते २०२३ च्या नियमबदलानं बंद झालं. आता सुविधा केंद्रात जा, तिथंच मत द्या, तिथंच पेटीत टाका. नाव मात्र टपालीच.

सालेकसा-देवरीकडचे गुरुजी वर्षभर पोरांना बजावतात, नंबर नीट लिही, सही विसरू नको. निवडणूक आली की पेपर गुरुजींचा. मतपत्रिका लहान पाकिटात, प्रतिज्ञापत्र त्याच्या बाहेर, मग दोन्ही मोठ्या पाकिटात. घाईत प्रतिज्ञापत्र लहान पाकिटात गेलं, नंबर जुळला नाही किंवा साक्षांकनाची सही राहिली, तर ते लहान पाकीट फोडतच नाहीत. फेरपरीक्षा नाही, ग्रेस मार्क नाहीत.

दोन-चार पाकिटांनी काय होतं म्हणता? २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये यंत्रांवर अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं मिळवली आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी खासदार झाले. बाद टपाली मतं होती १११.

घरून मतदानाची तऱ्हा आणखी न्यारी. ही सोय आधी ऐंशीच्या पुढच्यांना होती, मार्च २०२४ मध्ये ती पंच्याऐंशीवर नेली. ब्याऐंशीची आजी एका आदेशात तरुण झाली, आता चालत जा म्हणावं केंद्रावर. पंच्याऐंशी भरलेली असेल तर अधिसूचनेपासून पाच दिवसांत १२-ड नमुन्यातला अर्ज भरून द्यायचा. मग गाडी येते. मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला, मागून पक्षांचे प्रतिनिधी. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गुप्त मतदान आणि अंगणात अर्धं गाव.

पथक दोनदाच येतं. दुसऱ्या खेपेलाही आजी लेकीकडे तिरोड्याला गेलेली असली तर विषय संपला. मतदानाच्या दिवशी नातवानं गाडीवर बसवून केंद्रावर नेली, तरी यादीत नावापुढे ‘पीबी’ लिहिलेलं. टपाली मतपत्रिका दिलेली आहे, इथं मत देता येत नाही.

“पीबी आहे तुमची, आजी,” साहेब सांगतात.

“कालच दवाखान्यात पाहिली. बराबर आहे ना जी!”