कचेरीतले लाइफ जॅकेट

अमेरिकेतील हौशी नौकाविहार मंडळांच्या कार्यक्रमांत मे महिन्यातील राष्ट्रीय नौकासुरक्षा सप्ताहाला मानाचे स्थान असून, त्याच्या आदल्या दिवशी सभासदांनी लाइफ जॅकेट, म्हणजे पाण्यात पडलेल्याला तरंगत ठेवणारे जाकीट, घालून कचेरीत जावे असे आवाहन केले जाते. कचेरीत बुडण्याचे प्रमाण मुळातच बेताचे असल्याने हा उपक्रम दरवर्षी यशस्वी ठरतो. पाण्यावर मात्र, तटरक्षक दलाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार, नौका-अपघातांतील मृतांपैकी सुमारे 75 टक्के बुडाले आणि त्यांतील सुमारे 85 टक्के लोकांनी जाकीट घातलेले नव्हते. प्रौढांसाठी ते नौकेत हाताशी असले की संघीय नियमाचे सहसा समाधान होते, त्यामुळे ते आसनाखाली सुरक्षित राहते. 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांहून लहान यांत्रिक नौकेच्या चालकाला वेगात जाताना इंजिन बंद करणारी दोरी, म्हणजे तो बाहेर फेकला गेल्यास इंजिन थांबवणारा दुवा, स्वतःला अडकवावी लागते, कारण चालकाविना नौका पुष्कळदा गोल फिरून, चालत्या पंख्यासह, त्याच्याकडेच परतते. प्राणघातक अपघातांच्या ज्ञात कारणांत अग्रभागी असलेल्या मद्याला अशा दोरीची गरज भासत नाही. बिअरचा डबा चालकाच्या हातातून सहसा सुटत नाही.